हा घाम कशाचा?

बुलढाणा जिल्ह्यात कुठल्याही गावाचं नाव घेतलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: घाटावरचं की घाटाखालचं? रोहिणखेड घाटाखालचं. तालुका मोताळा, पाठीशी अजिंठ्याची डोंगररांग, पुढे कपाशी, मका आणि सोयाबीनची शेतं. खानदेशातून दख्खनच्या पठारावर चढणाऱ्या वाटेवर हे गाव आहे, त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकांत ते दोनदा भेटतं आणि दोन्ही वेळा लढाईसाठीच. 1437 साली बहमनी सरदार खलफ हसनने खानदेशच्या नसीर खान फारुकीचा इथे पराभव केला. दुसरी लढाई 1590-91 च्या सुमाराची, आणि ती जास्त चमत्कारिक. अहमदनगरच्या गादीवर इस्माईल नावाचा पोरगा बसवून जमाल खान कारभार हाकत होता. त्याच्यावर चालून आला बुऱ्हाण निजामशहा, म्हणजे त्याच इस्माईलचा सख्खा बाप. रोहिणखेडला जमाल खान पडला आणि पोराची गादी बापाकडे गेली.

परका शत्रू इथे कुणीच नव्हता. इथे ज्याविषयी बोलायचं आहे तो आजारही त्याच जातीचा आहे. बाहेरून येणाऱ्या जंतूंशी लढायला शरीराने बाळगलेली पेशींची फौज आपल्याच स्वादुपिंडावर उलटते आणि तिथल्या बीटा पेशी टिपू लागते. इन्सुलिन तयार करणं हे या बीटा पेशींचंच काम, दुसऱ्या कुणालाही ते जमत नाही. हल्ला महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं गुपचूप चालतो. निम्म्याहून अधिक कारखाना बसला की मग लक्षणं दिसतात. अनुवंशाचा यात वाटा असतो, काही विषाणूंवरही संशय आहे. लहानपणी चोरून खाल्लेल्या साखरेचा मात्र काडीचाही संबंध नाही, हे त्या घरातल्या आईला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं, कारण ती मनातल्या मनात तोच हिशेब करत बसलेली असते. या आजाराला टाइप 1 मधुमेह म्हणतात. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या 2021 च्या अंदाजानुसार वीस वर्षांखालचे असे रुग्ण जगात सर्वांत जास्त भारतात आहेत, सुमारे 2 लाख 29 हजार.

आता एक मुलगा डोळ्यांसमोर आणू. तो कल्पनेतला आहे, पण मोताळ्यात, मलकापुरात, नांदुऱ्यात अशी मुलं असू शकतात. वय 19. पहाटे पाचला उठून डांबरी रस्त्यावर पळतो, कारण पोलीस भरती निघणार आहे. 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक, या तिन्हींत गुण काढायचे आहेत. दोन महिन्यांत त्याचं वजन आठ किलोंनी उतरतं. घरचे म्हणतात, पळतो म्हणून. तहान भागत नाही, तर ते उन्हामुळे. रात्री चारदा लघवीला उठतो, तर एवढं पाणी प्यायल्यावर उठणारच. पाय गळून जातात, तर सराव जास्त होतोय. आजाराच्या प्रत्येक लक्षणाला पळण्याने एक सोयीचं कारण पुरवलं आणि आजार त्याआड लपला. मग एके दिवशी पोटात कळा, उलट्या, धाप लागल्यासारखा खोल श्वास, तोंडाला पिकून चाललेल्या फळासारखा वास. रक्तात कीटोन साचून आम्ल वाढलेलं असतं. दवाखान्यात सलाईन, इन्सुलिन, चार-पाच दिवस मुक्काम. घरी येतो तेव्हा पिशवीत इन्सुलिनची बाटली आणि सुया असतात.

मुलगा डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारतो: मी पळू शकतो का?

गावाकडे या प्रश्नाचं उत्तर आधीच तयार असतं. "साखर झाली म्हणे पोराले. पयव म्हना रोज, होते कमी." हा सल्ला खोडसाळ नाही. शेजारच्या पन्नाशीतल्या काकांना टाइप 2 झाला, त्यांनी पहाटे चालायला सुरुवात केली, पोट उतरलं, एक गोळी बंद झाली, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. काकांच्या शरीरात इन्सुलिन असतं, पण ते धड लागू पडत नाही. चालल्याने ते लागू पडायला लागतं. मुलाच्या शरीरात इन्सुलिनच संपत आलेलं आहे. एकाच नावाखाली दोन आजार नांदतात आणि एकाचा सल्ला दुसऱ्याच्या दारात जातो.

हा फरक आपल्याकडे नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे दोन रोगी वेगळे काढले आहेत. एक जन्मापासूनच्या दोषाने झालेला: कृश, रुक्ष, कमी खाणारा, सारखा तहानलेला. दुसरा कुपथ्याने झालेला: स्थूल, बहुभक्षी, अंथरूण आणि बैठक न सोडणारा. पहिल्याचं पोषण करायचं, दुसऱ्याला झिजवायचं, असं सुश्रुत सांगतो. शंभर योजनं चाला, विहीर खणा, असले दांडगे उपाय याच अध्यायात येतात. सुश्रुताचा कृश रोगी म्हणजे आजचा टाइप 1 असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं तर मी सावध होईन. तरी सगळ्या मधुमेह्यांना एकाच रस्त्यावर पळायला लावू नये एवढी समज त्या पानावर आहे, आणि ती व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डमध्ये नाही. उलट बाजूनेही जपायला हवं. हडकुळा आहे म्हणजे टाइप 1 च, असंही नाही. लहानपणच्या कुपोषणातून येणाऱ्या मधुमेहाला 2025 मध्ये टाइप 5 म्हणून वेगळी ओळख मिळाली. रक्तातली प्रतिपिंडं आणि सी-पेप्टाइड तपासल्याशिवाय चेहऱ्यावरून निदान करू नये.

व्यायाम शरीरात करतो काय, ते ओलिताच्या शेतावरून पटकन कळतं. रक्त हा पाट, साखर हे त्यातलं पाणी, स्नायूंच्या पेशी म्हणजे सऱ्या. यकृत ही विहीर, तिच्यावर मोटार बसवलेली. निरोगी माणसात इन्सुलिन दोन कामं करतं: सऱ्यांची तोंडं उघडतं आणि गरज नसेल तेव्हा मोटार बंद करतं. इन्सुलिन संपलं की सऱ्यांची तोंडं बुजतात, मोटार चालूच राहते. पाट तुडुंब, पीक कोरडं. पाटाचं पाणी लघवीवाटे वाहून जातं आणि मुलगा वाळत जातो.

स्नायू आकुंचन पावू लागले की गंमत होते. पेशीच्या आत ग्लूट-4 नावाची साखर वाहून नेणारी प्रथिनं पडून असतात. एरवी त्यांना पृष्ठभागावर आणायला इन्सुलिनची हाक लागते. पण स्नायू राबायला लागला की ती प्रथिनं हाकेची वाट न पाहता, दुसऱ्याच मार्गाने वर येतात. सरीचं तोंड आतून फुटतं म्हणा ना. व्यायाम संपल्यावरही स्नायू चोवीस तास, कधी त्याहून जास्त वेळ, इन्सुलिनला नेहमीपेक्षा चटकन दाद देतो.

मग इन्सुलिनशिवाय नुसतं पळून भागेल की! नाही भागत, आणि याचं कारण मोटार. व्यायाम सुरू झाला की शरीर यकृताला आणखी साखर सोडायला सांगतं. तिला आवरणारं इन्सुलिनच नसेल तर मोटार थांबत नाही. 1977 साली मिखाएल बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण मधुमेह्यांना व्यायाम करायला लावून रक्त तपासलं. ज्यांच्या शरीरात पुरेसं इन्सुलिन होतं त्यांची साखर उतरली. इन्सुलिनअभावी ज्यांच्या रक्तात कीटोन साचले होते त्यांची साखर आणि कीटोन दोन्ही वाढले. म्हणजे सुई बंद करून पळणारा मुलगा साखर कमी करत नसतो, पुन्हा दवाखान्याच्या वाटेवर पळत असतो.

याच्या उलटी आपत्ती जास्त नित्याची. निरोगी माणूस पळायला लागला की त्याचं स्वादुपिंड इन्सुलिन लगेच कमी करतं. टोचलेल्या इन्सुलिनला हे कळत नाही. ते कातडीखालून आपल्या वेळेने झिरपत राहतं आणि परत मागता येत नाही. सऱ्या दोन्ही बाजूंनी उघडलेल्या आणि मोटार सक्तीने बंद! त्यात पाटातलं पाणी तरी किती? मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. मेंदू त्याच चमच्यावर चालतो. तो रिता व्हायला वेळ लागत नाही.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट मोजून दाखवणाऱ्यांत एक रुग्णच होता. टोरांटोत 1922 च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं, त्याआधी दोन वर्षं लंडनमधल्या रॉबर्ट लॉरेन्स या तरुण डॉक्टरला मधुमेहाचं निदान झालं होतं. आपलं मरण आईवडिलांना पाहायला लागू नये म्हणून तो इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहिला. 1923 मध्ये इन्सुलिन आल्याची तार मिळाली आणि तो कसाबसा लंडनला पोचला. पुढे 1926 साली त्याने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम वाढतो. आज याविषयी डॉक्टर जे काही सांगतात त्याचं मूळ त्या लेखात आहे. लॉरेन्स 1968 पर्यंत जगला. त्याच काळात अमेरिकेत इलियट जॉस्लिन मधुमेहाच्या उपचाराला तीन घोड्यांच्या रथाची उपमा देत असे: आहार, इन्सुलिन, व्यायाम. उपमा छान आहे, पण टाइप 1 मध्ये ते तीन घोडे सारखे नाहीत. इन्सुलिनचा घोडा बसला तर रथच उलटतो.

आता नुकतंच निदान झालेल्यांची खास गोष्ट. ती ध्यानात न घेतल्यामुळे पुढचे घोटाळे होतात.

इन्सुलिन सुरू केल्यावर काही आठवड्यांत बऱ्याच जणांची गरज अचानक घटते. रोज 30 युनिट लागत होते, ते 12 वर, कधी 6 वर येतात. साखर तरीही जागेवर. उरलेल्या बीटा पेशींना विश्रांती मिळालेली असते आणि त्या पुन्हा थोडंफार काम करू लागतात. डॉक्टर याला हनीमून म्हणतात. हा काळ काही महिने टिकतो, क्वचित वर्ष-दोन वर्षं. नेमक्या याच काळात मुलगा पुन्हा मैदानावर जायला लागलेला असतो. साखर उतरते आणि श्रेय पळण्याला जातं. कुणी झाडपाल्याचा काढा दिला असेल तर काढ्याला जातं. मग एखाद्या दिवशी कुणीतरी म्हणतं, आता सुईची गरज नाही. काही दिवस खरंच काही होत नाही आणि खात्री पटते. त्यानंतर साधा ताप येतो, उरल्यासुरल्या पेशींना तो भार झेपत नाही, आणि मुलगा पुन्हा त्याच खोल श्वासासह गाडीत. पहिल्या वेळी निदान झालेलं नव्हतं, ही सबब तरी होती.

पण व्यायामाने हा हनीमून लांबत असेल का? हा प्रश्न अजिबात वेडगळ नाही. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचे डॉ. पार्थ नरेंद्रन आणि सहकाऱ्यांनी तो गंभीरपणे घेतला. एक्सटॉड नावाच्या त्यांच्या प्राथमिक अभ्यासात नुकतंच निदान झालेले 58 प्रौढ होते. काहींना नेहमीचे उपचार, काहींना त्यासोबत वर्षभर जास्त व्यायामाची साथ. 2017 मध्ये निकाल आला: व्यायामाच्या गटातले लोक खरंच जास्त हलले, त्यांचं शरीर इन्सुलिनला जास्त दाद देऊ लागलं, पण बीटा पेशींची गळती दोन्ही गटांत साधारण सारखीच दिसली. इथे एक बारकी अडचण आहे. शिल्लक बीटा पेशी मोजायच्या तर सी-पेप्टाइड पाहतात, म्हणजे शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं त्याची खूण. ज्याचं शरीर कमी इन्सुलिनमध्ये भागवायला शिकलं तो बनवतोही कमी. त्याची खूण कमी दिसली म्हणून पेशी मेल्या असं म्हणता येत नाही, आणि वाचल्या असंही नाही. नंतर त्याच वर्तुळातून आलेल्या एका छोट्या पाहणीत नियमित व्यायाम करणाऱ्या सडपातळ पुरुषांचा हनीमून बराच लांबलेला आढळला. पण तिथे सवयीने खेळणारी माणसं आणि न खेळणारी माणसं यांची तुलना होती, आणि अशा दोन गटांत व्यायामाखेरीजही पुष्कळ फरक असतात. माझं मत विचाराल तर या आशेवर पळायला सुरुवात करू नये. हृदय, हाडं, झोप, मन, कमी मात्रेत भागणारं इन्सुलिन, एवढी कारणं पुरेशी आहेत. आजार होण्याआधीच प्रतिपिंडं सापडलेल्यांत तो लांबवणारं टेप्लिझुमॅब हे औषध अमेरिकेत 2022 साली मंजूर झालं, तो वेगळा आणि महागडा रस्ता.

आता पुन्हा रोहिणखेडच्या रस्त्यावर येऊ. भरतीचे तिन्ही प्रकार साखरेच्या दृष्टीने तीन वेगळ्या जातींचे आहेत, हे पाहून मला स्वतःला मौज वाटली. अर्धा-पाऊण तास सावकाश पळणं, म्हणजे तयारीचा पाया, साखर उतरवतं. 100 मीटरची धाव जेमतेम पंधरा सेकंदांची, पण जीव तोडून. त्यात ॲड्रिनलिन उसळतं, यकृत साखर ओततं, आणि धावून आल्यावर आकडा वाढलेला दिसतो. गोळाफेक आणि वजन उचलणंही बरंचसं याच गोत्रातलं. 1600 मीटर मधलं: तेवढंच जोरात पळाला तर साखर चढेल, त्याआधी पाऊण तास अंग गरम करत बसला तर उतरेल. मुलगा घाबरून येतो: पळालो तरी 240 कशी? उत्तर असं की ती तासाभरात बहुधा आपोआप खाली येते. तिच्यावर लगेच जादा इन्सुलिन टोचलं तर दुपारी अंधारी आलीच म्हणून समजा.

याचा फायदाही करून घेता येतो. ऑस्ट्रेलियात पर्थच्या संशोधकांनी 2006 च्या सुमारास दाखवलं की सावकाश व्यायामाच्या शेवटी दहा सेकंदांची एक जीवतोड धाव मारली तर पुढचे दोनेक तास साखर घसरायला अटकाव होतो. कॅनडातल्या एका अभ्यासात आधी वजनं आणि मग पळणं, या क्रमाने साखर कमी घसरली. सकाळी नाश्त्याआधीचं, जेवणाचं इन्सुलिन घेण्याआधीचं पळणं सायंकाळच्या पळण्यापेक्षा सहसा सुरक्षित ठरतं. भरतीच्या पोरांची पहाटेची सवय योगायोगाने बरोबर निघाली.

पळायच्या आधी बोटातून थेंब काढून आकडा पाहायचा. 2017 साली लॅन्सेटच्या मधुमेहविषयक नियतकालिकात जगभरच्या तज्ज्ञांनी एकमताने काही आकडे छापले. त्या गटाचे प्रमुख मायकेल रिडेल हे टोरांटोचे, आणि स्वतः टाइप 1 चे. त्या आकड्यांनुसार सुरुवातीला 126 ते 180 मिलिग्रॅम चांगलं. 90 च्या खाली असेल तर 10 ते 20 ग्रॅम ग्लुकोज घेऊन, साखर वर आल्यावरच सुरुवात. 270 च्या वर असेल आणि त्याचं कारण माहीत नसेल तर कीटोन तपासायचे. ते वाढलेले असतील तर त्या दिवशी बूट काढून ठेवायचे. आदल्या दिवशी साखर फार खाली जाऊन मदत घ्यावी लागली असेल, तरीही नाही. ज्या मांडीत नुकतंच इन्सुलिन टोचलं ती घेऊन पळू नये, तिथून ते भराभर शोषलं जातं. मात्रा किती कमी करायची हे मात्र वहीतल्या नोंदी दाखवून आपल्याच डॉक्टरांशी ठरवायचं; दुसऱ्याची मात्रा आपल्याला चालत नाही, सख्ख्या भावाचीसुद्धा नाही.

आणि घाम. साखर 70 च्या खाली घसरू लागली की शरीर इशारा देतं: घाम, थरथर, छातीत धडधड, एकदम भूक, डोळ्यांपुढे धूसर. या यादीतलं काय पळणाऱ्या माणसाला होत नाही? तो घामाने निथळतोय, छाती धडधडतेय, पाय थरथरताहेत. रस्त्याकडेला बसलेल्या पोराला मित्र म्हणतात, दमला, बसू द्या पाच मिनिटं. ओळखायची खूण अशी की दमलेल्याचा घाम थांबल्यावर ओसरतो, साखर घसरलेल्याचा थांबल्यावरही सुटत राहतो आणि गार लागतो. बोलणं अडखळतं, उगाच चिडचिड होते. शंका आली की तपासत बसण्याआधी साखर द्यावी: 15 ग्रॅम, म्हणजे चार सपाट चमचे साखर पाण्यात, किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहायचं. शेंगदाण्याची चिक्की किंवा क्रीमचं बिस्कीट या वेळी कुचकामी, त्यातलं तेल-तूप साखरेला पोटातच अडवून धरतं. ते नंतर खायला ठीक. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. त्याला कुशीवर वळवून गाडी गाठायची.

इथवर आपण पळणाऱ्या मुलाविषयी बोललो, कारण व्यायाम म्हटलं की पुस्तकांना बूट घातलेला माणूस दिसतो. रोहिणखेडसारख्या गावात सर्वांत जास्त व्यायाम करणाऱ्या माणसाला कुणी व्यायाम करणारा म्हणत नाही. निंदायला जाणारी बाई, डवरा धरणारा गडी, पाठीवर पंप बांधून फवारणारा, दिवाळीच्या पुढेमागे कापूस वेचणाऱ्या मायलेकी. सहा-सात तास ओणवं होऊन, चालत, वाकत केलेलं हे काम कुठल्याही धावण्याहून लांब चालतं. दवाखान्यात "व्यायाम करता का?" असं विचारलं की ही बाई "नाही" म्हणते, आणि तिचं इन्सुलिन घरी बसणाऱ्या बाईच्या हिशेबाने लिहिलं जातं.

सरकारी दवाखान्यांतून पुष्कळदा 30/70 मिश्रण मिळतं: तीस टक्के जलद इन्सुलिन, सत्तर टक्के सावकाश चालणारं. सकाळी सातला टोचलं की त्यातला सावकाश भाग दुपारी अकरा ते तीनच्या दरम्यान सर्वांत जोरात असतो. त्याच वेळी ऊन डोक्यावर, ओटी भरत आलेली, आणि वेचणीची मजुरी किलोमागे, म्हणून भाकरी सोडायला अजून अर्धा तास. साखर घसरायला याहून अनुकूल वेळ शोधून सापडणार नाही. घाम आला, चक्कर आली, तर सगळे म्हणतात ऊन लागलं, आणि पाणी पाजतात. नुसतं पाणी. म्हणून कामाच्या दिवसाची आणि घरच्या दिवसाची मात्रा वेगळी असू शकते, हे डॉक्टरांना विचारून वहीत वेगवेगळ्या पानांवर लिहून ठेवावं. मधल्या वेळी, अकराच्या आसपास, अर्धी भाकरी खायचीच. रात्रीही जपायचं: रिकामे झालेले स्नायू झोपेत साखर ओढत राहतात आणि पहाटे दोन-तीनला ती खाली जाते. अंथरूण घामाने भिजलेलं, सकाळी डोकं ठणकतंय, म्हणजे रात्री काय घडलं ते कळलं. अशा दिवशी झोपण्याआधी आकडा पाहून पेलाभर दूध आणि पोळी घेणं शहाणपणाचं.

इन्सुलिनची बाटली शेतात न्यायची नाही. मे महिन्यात इथला पारा 43-44 अंशांपर्यंत जातो आणि न उघडलेल्या इन्सुलिनला 2 ते 8 अंश लागतात. वापरातली बाटली घरात 25-30 अंशांत महिनाभर टिकते. फ्रीज नसेल तर माठाचा आधार घ्यावा: मोठ्या माठात वाळू, ती ओली ठेवायची, आत छोटं मडकं, त्यात बाटली. 2016 मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या अशा मडक्यांची मापं घेऊन पाहिली, तेव्हा कोरड्या हवेत ती चांगली थंडावा धरतात असं दिसलं, आणि घाटाखालचा उन्हाळा कोरडाच. सुईचंही एक. आपल्याकडे बाटली बहुधा 40 युनिटची असते, तिला लाल टोपणाची सुई. नारिंगी टोपणाची 100 युनिटवाली सुई चुकून वापरली तर मात्रा अडीचपटींनी चुकते.

खर्चाचं ओझं खरं आहे. साखर तपासायच्या स्ट्रिपा महाग, आणि पळणाऱ्याला त्या जास्त लागतात. विदर्भात या मुलांसाठी जुनं नाव नागपूरच्या ड्रीम ट्रस्टचं. डॉ. शरद पेंडसे यांनी 1995 मध्ये ते सुरू केलं, गरीब घरांतल्या टाइप 1 मुलांना इन्सुलिन मोफत मिळावं म्हणून. छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांच्या पुढाकारातून 'उडान' उभं राहिलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही 2022 मध्ये टाइप 1 साठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली आणि तीत व्यायामाला जागा आहे.

भरतीचं काय, असं तो मुलगा विचारतोच. सैन्य तर इन्सुलिनवरच्या उमेदवाराला घेत नाही; पोलीस भरतीची वैद्यकीय अट काय तेही विचारून त्याला आधीच सांगणं बरं. आणखी दोन वर्षं पळवून मग सांगण्यापेक्षा. खेळाचं तसं नाही. वासिम अक्रमला 1997 मध्ये, तिशीत, टाइप 1 निघाला, आणि तो त्यानंतर पाच-सहा वर्षं पाकिस्तानकडून गोलंदाजी करत होता. अमेरिकेचा जलतरणपटू गॅरी हॉल याचं निदान 1999 चं; पुढच्याच वर्षी सिडनीत आणि नंतर अथेन्समध्येही त्याने 50 मीटरचं सुवर्ण मिळवलं. या नावांनी मुलाचं लगेच समाधान होत नाही. तो खाकीचं स्वप्न घेऊन पळत होता, पदकाचं नाही. पण चार दिवसांनी तो पुन्हा रस्त्यावर येतो, कारण पहाटे पाचला जाग येतेच.

येताना त्याच्या खिशात ग्लुकोजची पुडी असावी आणि सोबतच्या दोघांना ती कुठल्या खिशात आहे ते ठाऊक असावं. कापूस वेचणाऱ्या मुलीने मात्र ती ओटीत ठेवू नये. काट्यापाशी ओटी रिकामी होते आणि कापसाबरोबर पुडीही गाठोड्यात जाते. ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली की राहते.